जुन्या मॅन्युअल फोकस लेन्सचा डिजिटल कॅमेऱ्यावरील वापर

ज्या लेन्समध्ये फोकस साधण्यासाठी कडे हाताने फिरवावे लागते, तिला मॅन्युअल फोकस लेन्स म्हणतात. फिल्मच्या काळात बनलेली अशी लेन्स अ‍ॅडॉप्टर या जोडकड्याच्या साहाय्याने आधुनिक डिजिटल कॅमेऱ्यावर बसवून तिने छायाचित्रण करता येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपान, जर्मनी आणि सोव्हिएत संघ येथे अशा लेन्स मोठ्या संख्येने तयार झाल्या. त्यांपैकी अनेक आजही वापरण्याजोग्या स्थितीत आहेत.

कोणती लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर बसेल आणि बसल्यावर दूरचे दृश्य स्पष्ट दिसेल की नाही, हे प्रामुख्याने लेन्सचा माउंट आणि संवेदक यांमधील अंतरावर ठरते. आरसा नसलेल्या म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये हे अंतर फार कमी असते. त्यामुळे २००८ नंतर जुन्या लेन्सचा वापर पुन्हा वाढला. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर, उदाहरणार्थ रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर परिसरात, या लेन्स वापरताना दमट हवा, बुरशी आणि खारे तुषार यांचाही विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

एसएलआर प्रकारच्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वळवून डोळ्यापर्यंत नेला जातो. लेन्सचे तोंड कॅमेऱ्याला जोडणाऱ्या रचनेला माउंट म्हणतात. ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा एम४२ माउंट १९४९ च्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यापासून प्रचलित झाला. पुढे पेंटॅक्स, झेनित, प्राक्टिका अशा अनेक कॅमेऱ्यांनी तो वापरला. निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट, कॅननने १९७१ मध्ये एफडी माउंट आणि पेंटॅक्सने १९७५ मध्ये के माउंट आणला.

कॅमेऱ्यातच स्वयंचलित फोकसची यंत्रणा असलेला मिनोल्टा ७००० हा कॅमेरा १९८५ मध्ये बाजारात आला. त्यानंतर कंपन्यांनी आपले माउंट बदलण्यास सुरुवात केली. कॅननने १९८७ मध्ये पूर्णपणे विद्युत जोडणीवर चालणारा ईएफ माउंट स्वीकारला. जुन्या एफडी लेन्स त्यावर बसत नसल्याने त्या जवळपास निरुपयोगी ठरल्या. निकॉन आणि पेंटॅक्स यांनी मात्र मूळ माउंटचा आकार कायम ठेवला. त्यामुळे त्यांच्या अनेक जुन्या लेन्स त्यांच्याच डिजिटल एसएलआरवर अ‍ॅडॉप्टरशिवाय बसतात.

पॅनासोनिकचा ल्युमिक्स जी१ हा मायक्रो फोर थर्ड्स प्रणालीचा पहिला मिररलेस कॅमेरा २००८ मध्ये आला. सोनीने २०१० मध्ये ई माउंट आणि २०१३ मध्ये त्याच माउंटवर पूर्ण आकाराच्या संवेदकाचा ए७ कॅमेरा सादर केला. निकॉन झेड आणि कॅनन आरएफ हे माउंट २०१८ मध्ये आले. आरशासाठी राखलेली जागा या कॅमेऱ्यांत नसल्याने बहुतेक सर्व जुन्या एसएलआर लेन्स त्यांच्यावर बसवता येऊ लागल्या.

फ्लँज अंतर

लेन्स जेथे टेकते तो माउंटचा पृष्ठभाग आणि फिल्म किंवा संवेदक यांमधील अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. प्रत्येक माउंटसाठी ते ठरावीक असते आणि त्या माउंटच्या लेन्स त्याच अंतराला धरून बनवलेल्या असतात. काही प्रमुख माउंटची फ्लँज अंतरे पुढीलप्रमाणे आहेत.

निकॉन एफ : ४६.५० मिमी
ऑलिंपस ओएम : ४६.०० मिमी
कॉन्टॅक्स/याशिका : ४५.५० मिमी
एम४२ आणि पेंटॅक्स के : ४५.४६ मिमी
कॅनन ईएफ : ४४.०० मिमी
मिनोल्टा एमडी : ४३.५० मिमी
कॅनन एफडी : ४२.०० मिमी
लायका एम : २७.८० मिमी
कॅनन आरएफ : २०.०० मिमी
मायक्रो फोर थर्ड्स : १९.२५ मिमी
सोनी ई : १८.०० मिमी
फुजीफिल्म एक्स : १७.७० मिमी
निकॉन झेड : १६.०० मिमी

लेन्सचे फ्लँज अंतर कॅमेऱ्याच्या फ्लँज अंतरापेक्षा जास्त असेल, तर उरलेली जागा अ‍ॅडॉप्टरने भरून काढता येते. एम४२ लेन्स सोनी ई कॅमेऱ्यावर बसवण्यासाठी ४५.४६ वजा १८.०० म्हणजे २७.४६ मिमी जाडीचा अ‍ॅडॉप्टर लागतो. कॅनन एफडी लेन्ससाठी त्याच कॅमेऱ्यावर २४ मिमी जाडी पुरते. या अ‍ॅडॉप्टरमध्ये काच नसते. त्याचे काम लेन्सला योग्य अंतरावर घट्ट धरून ठेवणे एवढेच असते. त्यामुळे लेन्सच्या मूळ प्रकाशीय गुणांत त्याने बदल होत नाही.

लेन्सचे अंतर कॅमेऱ्यापेक्षा कमी असेल, तर लेन्स संवेदकापासून आवश्यकतेपेक्षा दूर राहते. एम४२ लेन्स निकॉन एफ कॅमेऱ्यावर बसवताना हीच अडचण येते. अ‍ॅडॉप्टरची जाडी शून्य धरली, तरीही लेन्स १.०४ मिमी पुढे राहते. अशा वेळी जवळच्या वस्तू स्पष्ट दिसतात, पण दूरच्या वस्तूंवर फोकस होत नाही. यालाच अनंतावरील फोकस गमावणे म्हणतात. ही उणीव भरून काढण्यासाठी काही अ‍ॅडॉप्टरमध्ये काच बसवलेली असते, परंतु त्या काचेमुळे प्रतिमेची गुणवत्ता बहुधा घटते.

जाडीतील चुकीचा परिणाम

लेन्स अनंतावर ठेवली असता अ‍ॅडॉप्टर जितका जास्त जाड असेल, तितके सर्वांत दूरचे स्पष्ट दिसणारे अंतर कमी होते. हे अंतर ढोबळमानाने नाभीय अंतराच्या वर्गाला जाडीतील चुकीने भागून मिळते. ५० मिमी लेन्सच्या बाबतीत ०.१ मिमी जास्त जाडी असल्यास २,५०० भागिले ०.१ म्हणजे सुमारे २५ मीटरपलीकडे नेमका फोकस होत नाही. निकॉन एफ कॅमेऱ्यावरील एम४२ लेन्सच्या उदाहरणात ही मर्यादा अवघी २.४ मीटर येते. अशी जोडणी करून गुहागरच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यास समोर बसलेल्या व्यक्तीचा चेहरा स्पष्ट येईल, पण समुद्रातील होडी आणि क्षितिज पुसटच राहील.

नाभीय अंतर कमी असलेल्या लेन्सवर या चुकीचा परिणाम अधिक होतो. त्याच ०.१ मिमी चुकीमुळे २४ मिमी लेन्सची मर्यादा सुमारे ५.८ मीटर होते, तर १३५ मिमी लेन्सची सुमारे १८२ मीटर राहते. म्हणून अनेक उत्पादक अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात. पातळ अ‍ॅडॉप्टरमुळे लेन्सचे कडे अनंताच्या खुणेच्या थोडे अलीकडे असतानाच दूरचे दृश्य स्पष्ट होते आणि त्यापुढे फिरवल्यास पुन्हा अस्पष्ट होते. त्याने काम अडत नाही, मात्र लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत.

अ‍ॅडॉप्टरचे प्रकार

साधा अ‍ॅडॉप्टर ॲल्युमिनियम किंवा पितळेचा असतो आणि त्यात विद्युत जोडणी नसते. तो सर्वांत स्वस्त असतो आणि जुन्या मॅन्युअल लेन्ससाठी पुरेसा ठरतो.

नाभीय अंतर घटवणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये भिंगे असतात. ती लेन्सची प्रतिमा आक्रसून लहान संवेदकावर पाडतात. त्यामुळे दृश्यकोन रुंदावतो आणि प्रतिमा अधिक उजळ होते. मेटाबोन्सचा २०१३ मध्ये आलेला ०.७१ पटीचा अ‍ॅडॉप्टर या प्रकारातील प्रसिद्ध उदाहरण आहे.

स्वयंचलित फोकस देणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर असते. ती संपूर्ण लेन्सच पुढेमागे सरकवते. लायका एम लेन्स सोनी ई कॅमेऱ्यावर बसवण्यासाठी २०१६ मध्ये आलेला टेकआर्टचा अ‍ॅडॉप्टर या पद्धतीने काम करतो.

अपर्चरचे कडे नसलेल्या लेन्सची अडचण वेगळी आहे. कॅनन ईएफ लेन्सला अपर्चर लहानमोठे करण्यासाठी कॅमेऱ्याकडून वीज आणि संदेश लागतो. साध्या अ‍ॅडॉप्टरवर तिचे अपर्चर बदलता येत नाही. म्हणून या कामासाठी अपर्चरचे स्वतंत्र कडे असलेल्या लेन्सच अधिक सोयीच्या असतात.

दृश्यकोनातील बदल

लेन्सचे नाभीय अंतर कॅमेरा बदलल्याने बदलत नाही. मात्र संवेदक लहान असल्यास प्रतिमेचा मधला भागच नोंदला जातो आणि दृश्यकोन अरुंद होतो. पूर्ण आकाराचा संवेदक ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ × २४ मिमी असतो. त्यावर ५० मिमी लेन्स फिल्मच्या काळाप्रमाणेच दृश्य देते. सोनी, निकॉन आणि फुजीफिल्मच्या एपीएस-सी संवेदकावर ती ७५ मिमी लेन्सएवढे, तर मायक्रो फोर थर्ड्स संवेदकावर १०० मिमी लेन्सएवढे अरुंद दृश्य देते. लहान संवेदकावर जुनी ५० मिमी लेन्स व्यक्तिचित्रांसाठी सोयीची ठरते. घराच्या माजघरासारख्या लहान जागेत संपूर्ण खोली टिपण्यासाठी मात्र ती अपुरी पडते.

फिल्मच्या काळात अनेक कॅमेऱ्यांसोबतच ५० मिमी एफ/१.८ किंवा एफ/२ क्षमतेची लेन्स मिळत असे. आजच्या साध्या झूम लेन्सची ५५ मिमी नाभीय अंतरावरील क्षमता बहुधा एफ/५.६ असते. तिच्या तुलनेत एफ/१.८ ची लेन्स सुमारे साडेनऊ पट अधिक प्रकाश आत घेते. घरात पडून राहिलेली जुनी लेन्स कमी प्रकाशात नव्या झूम लेन्सपेक्षा उपयुक्त ठरू शकते, ती या फरकामुळे.

कॅमेऱ्यावरील मांडणी

साध्या अ‍ॅडॉप्टरवर लेन्स आणि कॅमेरा यांच्यात संदेशवहन होत नाही. लेन्स बसवलेलीच नाही असे समजून अनेक कॅमेरे शटर उघडत नाहीत. त्यासाठी मेन्यूमधील लेन्सविना शटर चालू ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो.

कॅमेरा अपर्चर प्राधान्य किंवा पूर्ण मॅन्युअल पद्धतीवर ठेवला जातो. पहिल्या पद्धतीत छायाचित्रकार लेन्सच्या कड्याने अपर्चर ठरवतो आणि कॅमेरा आलेला प्रकाश मोजून शटरचा वेग निवडतो. काही एम४२ लेन्सवर स्वयंचलित आणि मॅन्युअल अशी कळ असते. ती मॅन्युअलवर नसल्यास कडे फिरवूनही अपर्चर उघडेच राहू शकते. ज्या लेन्सवर अशी कळ नसते, त्यांच्यासाठी मागील खिळा दाबून धरणारी कड असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो.

कॅमेऱ्यात कंपनरोधक यंत्रणा असल्यास लेन्सचे नाभीय अंतर हाताने नोंदवावे लागते. ते चुकीचे नोंदवल्यास संवेदक प्रमाणापेक्षा कमी किंवा जास्त हलतो आणि चित्र अधिक अस्पष्ट येते. छायाचित्राच्या फाइलमध्ये लेन्सचे नाव आणि अपर्चर यांची नोंद आपोआप होत नाही, त्यामुळे अभ्यासासाठी ती वहीत लिहून ठेवण्याची प्रथा आहे.

निकॉनच्या एसएलआरवर जुनी लेन्स थेट बसवताना विशेष काळजी घ्यावी लागते. १९७७ पूर्वीच्या, एआय बदल न झालेल्या लेन्सचे कडे काही नव्या कॅमेऱ्यांच्या माउंटवरील तरफेला अडते आणि ती तरफ मोडू शकते. काही लेन्सचा मागील भाग बराच आत शिरतो. अशा लेन्सवर एसएलआरचा आरसा आपटण्याचा धोका असतो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्याने हा धोका राहत नाही.

फोकस साधण्याच्या पद्धती

मिररलेस कॅमेऱ्याच्या पडद्यावर दृश्याचा एखादा भाग मोठा करून पाहता येतो. नेमका फोकस साधण्याची ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. फोकस पीकिंग या सोयीत स्पष्ट असलेल्या कडा लाल, पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगात दाखवल्या जातात. ही सोय जलद असली, तरी मोठ्या अपर्चरवर ती पुरेशी नेमकी नसते. अपर्चर उघडे ठेवून फोकस साधावा आणि नंतर ते हव्या आकड्यावर आणावे, असा सर्वसाधारण क्रम असतो. मात्र काही लेन्समध्ये अपर्चर लहान करताना फोकस किंचित सरकतो. त्यांच्यासाठी फोकस त्याच अपर्चरवर पुन्हा तपासावा लागतो.

हलत्या विषयांसाठी अंतर आधीच ठरवून ठेवण्याची जुनी पद्धत उपयोगी पडते. पूर्ण आकाराच्या संवेदकावर २८ मिमी लेन्सचे अपर्चर एफ/८ ठेवून फोकस ३.३ मीटरवर आणल्यास सुमारे १.६५ मीटरपासून अनंतापर्यंतचे सर्व दृश्य पुरेसे स्पष्ट येते. जाळे ओढणारे मच्छीमार किंवा पालखीसोबत चालणारी माणसे टिपताना प्रत्येक वेळी कडे फिरवावे लागत नाही. अ‍ॅडॉप्टर पातळ असल्यास मात्र हे अंतर कड्यावरील आकड्यावरून न ठरवता पडद्यावर पाहून ठरवावे लागते.

प्रतिमेची वैशिष्ट्ये आणि मर्यादा

जुन्या लेन्सच्या काचांवर परावर्तन रोखणारा लेप एकपदरी किंवा मर्यादित असतो. पेंटॅक्सने १९७१ मध्ये एसएमसी हा बहुपदरी लेप आणला. त्यापूर्वीच्या लेन्समध्ये प्रकाशाचा स्रोत चौकटीत किंवा तिच्या जवळ असल्यास चित्रावर धूसर पडदा आल्यासारखे दिसते आणि प्रकाशाचे ठिपके उमटतात. लेन्सच्या तोंडाला हूड लावल्याने बाजूने येणारा प्रकाश रोखला जातो.

अपर्चर पूर्ण उघडे असताना चित्राच्या कडा मऊ आणि कोपरे काळसर येणे हेही सर्वसामान्य आहे. एफ/५.६ किंवा एफ/८ वर बहुतेक लेन्सचे चित्र बरेच सुधारते. काही दोष छायाचित्रकारांना हवेसे वाटतात. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ/२ लेन्स जर्मन बायोटार रचनेवर आधारित आहे. तिच्यामुळे अस्पष्ट पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी वळल्याचा भास होतो आणि त्यासाठीच ती लोकप्रिय आहे.

डिजिटल संवेदकावर फिल्टर काचेचा थर असतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी बनलेल्या रुंद दृश्यकोनाच्या लेन्सचा प्रकाश कोपऱ्यांत फार तिरपा पडतो. या काचेमुळे त्यांच्या चित्राचे कोपरे अस्पष्ट होतात किंवा त्यांत रंगाची छटा येते. एसएलआर लेन्सवर हा परिणाम सहसा कमी असतो.

१९५० ते १९७० च्या दशकांतील काही लेन्सच्या काचेत थोरियम वापरलेले आहे. सात भिंगांची सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ ही त्यांपैकी एक होय. अशी काच काळानुसार पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस किंवा आठवडे ठेवल्यास पिवळेपणा कमी होतो. या लेन्सचा नेहमीचा वापर धोकादायक मानला जात नाही, पण काच घासणे किंवा फोडणे टाळावे लागते.

कोकण किनाऱ्यावरील वापर आणि जतन

गुहागरचा समुद्रकिनारा पश्चिमाभिमुख आहे. संध्याकाळी किनाऱ्यावरून सुरूची झाडे, होड्या किंवा माणसे टिपताना सूर्य बहुधा चौकटीतच येतो. एकपदरी लेपाच्या लेन्सची परीक्षा येथे होते. सूर्य झाडाच्या खोडाआड किंवा चौकटीबाहेर ठेवल्यास चित्रातील काळा रंग टिकून राहतो. सूर्य वर असताना लांब नाभीय अंतराची लेन्स त्याच्याकडे रोखून धरू नये. एसएलआरच्या दृश्यखिडकीतून पाहणाऱ्याच्या डोळ्याला आणि मिररलेसच्या संवेदकाला त्यामुळे इजा होऊ शकते.

समुद्राचे क्षितिज अ‍ॅडॉप्टर तपासण्यासही उपयोगी आहे. लेन्स अनंताच्या टोकापर्यंत फिरवून पडद्यावर क्षितिजरेषा मोठी करून पाहिल्यास जाडीतील चूक लगेच कळते. अंजनवेलच्या गोपाळगडाची जांभ्या दगडाची तटबंदी सच्छिद्र आणि खडबडीत आहे. तिच्या समोरून घेतलेल्या चित्रात मध्य आणि कोपरे यांच्या स्पष्टतेतील फरक सहज दिसतो.

जुन्या लेन्स आणि साधे अ‍ॅडॉप्टर यांना पाणी व धूळ रोखणारी रबरी कड नसते. हेदवीच्या बामणघळीत भरतीच्या वेळी खडकाच्या चिरेतून पाणी उसळते. अशा ठिकाणी खारे तुषार लेन्स आणि अ‍ॅडॉप्टरच्या सांध्यातून आत जाऊ शकतात. तुषार पडल्यास गोड्या पाण्याने किंचित ओलावलेल्या मऊ कापडाने बाहेरील धातू पुसून कोरडा केला जातो. वाळूवर उभे राहून लेन्स बदलणेही टाळले जाते, कारण फोकसच्या आट्यांत गेलेला वाळूचा कण कडे फिरवताना धातू खरवडतो.

लेन्सचे सर्वांत मोठे नुकसान बुरशीमुळे होते. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहिल्यास ते काचेवर वाढू लागतात. कोकणात पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात, आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या पुढे असते. बंद कपाटात चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सला हे वातावरण फार घातक असते, कारण चामडे ओल धरून ठेवते. बुरशीच्या स्रावातील आम्लामुळे लेप आणि पुढे काचही खोदली जाते. बुरशी काढून टाकली, तरी तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे कायम राहू शकतात.

जतनासाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. विजेवर चालणारी कोरडी पेटी ती आपोआप राखते. कमी खर्चात घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक एवढ्यावरही काम भागते. निळे सिलिका जेल ओल शोषून गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागते. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवल्यास पीठ आणि धूळ आत जाण्याची शक्यता असते. वातानुकूलित खोलीतून लेन्स दमट हवेत आणल्यास काचेवर बाष्प साचते. म्हणून ती बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ दिली जाते. पावसाळ्यातही लेन्स अधूनमधून वापरात ठेवणे आणि उजेडात आणणे हितकारक असते.

जुनी लेन्स तपासणे

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील बोरा बाजार हा भाग कॅमेरे आणि त्यांच्या सुट्या भागांच्या खरेदी-विक्रीसाठी परिचित आहे. जुनी लेन्स विकत घेताना किंवा घरातील लेन्स पुन्हा वापरात आणताना सारख्याच गोष्टी तपासल्या जातात.

अपर्चर पूर्ण उघडून लेन्सच्या मागील बाजूने विजेरीचा प्रकाश तिरपा टाकल्यास बुरशीचे तंतू, धूसरपणा आणि भिंगे चिकटवणाऱ्या थराचे सुटणे दिसून येते. थोडी धूळ चित्रात जाणवत नाही, पण धूसरपणामुळे चित्राचा उठाव जातो. अपर्चरची पाती तेलकट असल्यास ती संथ हलतात किंवा चिकटून बसतात. फोकसचे कडे फार जड फिरत असेल, तर आतील ग्रीस सुकलेले असते. खरखर ऐकू आल्यास वाळू किंवा झीज असण्याची शक्यता असते.

बुरशी नुकतीच लागलेली आणि बाहेरच्या काचेवर असेल, तर ती साफ होऊ शकते. आतील भिंगांसाठी लेन्स उघडावी लागते आणि भिंगांची मांडणी किंचित सरकली तरी प्रतिमा बिघडते, म्हणून हे काम जाणत्या दुरुस्तीकाराकडे दिले जाते. बुरशी असलेली लेन्स साफ होईपर्यंत इतर लेन्सपासून वेगळी आणि कोरडी ठेवावी. दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीहून अधिक झाला, तरी कुटुंबातील जुनी लेन्स अनेकदा दुरुस्त करून घेतली जाते. लेप आणि काच शाबूत असतील, तर अशी लेन्स फिल्मच्या काळाप्रमाणेच डिजिटल कॅमेऱ्यावरही काम देते.